एक तंबू रिकामा ठेव

खरं तर हे लिहून ठेवायचंच नाही, असं मोबल्यानं ठरवलं होतं. दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसून टाकलं. एक तर या सगळ्यात त्याचीच शोभा जास्त होते. आणि दुसरं म्हणजे, तो फोन घेऊन कुठंही बसला तरी मागून कुणीतरी मान लांब करून वाचायचं आणि "असं नव्हतं झालं, आधी मी बोललो होतो" अशी दुरुस्ती सांगायचं. जंगलाच्या कडेचं तंबूंचं लॉज सगळ्या वस्तीच्या मालकीचं आहे, ते ठीक आहे. पण लॉजची गोष्टसुद्धा सगळ्यांच्या मालकीची व्हायला लागली तर लिहिणाऱ्यानं जायचं कुठं? शेवटी तो कोठीच्या तंबूत शिरला, आतून चेन लावून घेतली, बटाट्यांच्या पोत्यावर बसला आणि जमेल तसं, तुटक तुटक टाइप करत गेला.

मोबल्या हे त्याचं खरं नाव नाही, हे आधी सांगितलेलं बरं. त्याला जे काही येतं ते सगळं तो मोबाईलवर बघून शिकलाय. वायरिंग, हिशेब, केस कापणं, परक्या माणसाशी हसून बोलणं, सगळं. गाडी चालवणंसुद्धा. त्यातलं काय पूर्ण शिकला आणि काय मध्येच रेंज गेली म्हणून अर्धवट राहिलं, हे वेळ आल्याशिवाय कुणालाच कळत नाही. त्यालाही नाही. पण वस्तीत मोबल्या म्हणजे शिकलेला. म्हणून लॉजला मॅनेजर नेमायची मीटिंग झाली तेव्हा तो खुर्च्या आणायला गेला होता, आणि खुर्च्या घेऊन परत आला तोवर मॅनेजर झाला होता.

आता सगळ्यांच्या मालकीचं लॉज म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजत नाही. बाहेरच्याला वाटतं, वा, काय एकी! प्रत्येक घराचा सारखा वाटा, प्रत्येकाचं मत सारखं. तंबूच्या पडद्याला कुठला रंग द्यायचा यावर जे भांडण झालं, त्यानंतर दोन सख्ख्या जावा बरेच दिवस एकमेकींशी फक्त मोबल्यामार्फत बोलत होत्या. मॅनेजर म्हणजे इतकंच. सगळे मालक, आणि त्यांच्या हाताखाली हा एकटा.

या सगळ्या मालकांच्या मानेवर एक ठेकेदार बसला होता. म्हणजे बसला नव्हता, अधूनमधून येऊन उभा राहायचा. गॉगल लावून तंबूंकडे बघायचा, एखादा दोर बोटानं टणकन वाजवायचा आणि म्हणायचा, "रिकामे तंबू किती दिवस राखत बसणार? मला द्या चालवायला. माझी माणसं आणतो, बघा कसं चालतं." आणि मीटिंगनं, एकदाचं एकमतानं, ठरवलं होतं, की या हंगामात एखाद्या चांगल्या ट्रॅव्हल कंपनीनं आपलं नाव यादीत घेतलं तर ठीक, नाहीतर किल्ल्या ठेकेदाराला. तंबूला किल्ली नसते, पण बोलायची पद्धत.

त्यातच जाड्याचा फोन आला.

जाड्या हा मोबल्याचा जुना मित्र. शहरात ट्रॅव्हल कंपनीत कामाला. नावाला जाड्या, पण काळजी करून करून वाळलेला.

"मॅडम स्वतः येतायत," जाड्या म्हणाला. "नवरा, सासू, मुलगी, सगळ्यांना घेऊन. आमची ती फॅमिलीवाल्यांसाठी यादी असते ना, त्यात तुमचं नाव घालायचं का ते बघणार आहेत."

"येऊ दे की मग!"

"येऊ दे की काय? मी शब्द टाकलाय तिथं. फॅमिलीसाठी याच्याइतकी चांगली जागा नाही म्हणून सांगितलंय. माझं हसं करू नकोस. आणि ऐक, एक तंबू रिकामा ठेव. तो झाडाखालचा, सावलीतला."

"अरे, सगळेच रिकामे आहेत."

"हे मॅडमला सांगू नकोस!"

बस्स. एवढं बोलणं झालं. मोबल्यानं ते मनात ठेवायला हवं होतं. पण मॅनेजरनं मालकांपासून काही लपवू नये, असं त्यानं एका व्हिडिओत ऐकलं होतं. त्यानं मीटिंग बोलावली आणि शब्दन् शब्द सांगितला.

"सांगू नकोस म्हणजे?" थोरले काका म्हणाले. "बाईला डोळे नाहीत का? रिकामा तंबू दिसणारच."

"रिकामा तंबू वाईटच दिसतो," मोबल्याची आई म्हणाली. "मी तर रिकाम्या दुकानात पाय ठेवत नाही. वाटतं, इतर लोकांना काहीतरी माहीत आहे, आपल्यालाच नाही."

"मग भरू या," आत्या म्हणाली.

आत्या संस्थेची अध्यक्ष. ती थोडंच बोलते, पण ती बोलली की बाकीच्यांना आपणच ते बोललो असं वाटतं.

"कुणी भरायचे?"

"आपण. नवी लुगडी-पातळं पेटीत कशाला ठेवलीयत? एक दिवस पाहुणे व्हायचं. तिची फॅमिली आली की तिला चारी बाजूंना फॅमिल्याच दिसल्या पाहिजेत."

मोबल्या उठून म्हणाला, "पण आत्या..." तोवर सगळे हात वर गेले होते. त्याचाही गेला. पुढं बोलायला म्हणून वर केला होता, पण मोजताना तोही धरला गेला.

मग सल्ल्यांना जो पूर आला, तो विचारू नका. आपण एकमेकांना ओळखत नाही असं दाखवायचं. कुणी कुणाला हाक मारायची नाही. ड्रायव्हरची बायको म्हणाली, "नुसते पाहुणे काय उपयोगाचे? मोठी माणसं वाटली पाहिजेत. आमचे हे डॉक्टर होतील." ड्रायव्हर लाजून म्हणाला, "अगं, मला कुठलं..." पण संध्याकाळी तो आरशासमोर टाय बांधायची खटपट करताना दिसला. शिंपी कारखानदार झाला. थोरल्या काकांनी निवृत्त न्यायाधीश व्हायचं ठरवलं, कारण त्यात उठावं लागत नाही.

आता पाहुणे म्हटले की ते सफारीला जाणारच. सफारीची गाडी म्हणजे बाकं टाकलेला जुना ट्रक. तिला आत सोडायचं तर जंगलाच्या नाक्यावर पास लागतो. मोबल्या नाक्यावरच्या कारकुनाकडे गेला. कारकून माणूस भला, पण नियमाला घट्ट.

"बाहेरच्यांचे पास देतो," तो म्हणाला. "तुमच्या लोकांचे कसे देऊ? स्थानिकांना पास नाही."

"मग स्थानिकांनी आत जायचंच नाही?"

"जायचं की! कोण अडवतंय? कामाला जायचं. बघायला जायचं नाही."

"आत गेल्यावर डोळे मिटून घ्यायचे का?"

"कामाच्या ओघात दिसलं तर हरकत नाही," कारकून शांतपणे म्हणाला. "काम काय ते सांगा."

"पाहुणे असणं."

कारकुनानं बराच वेळ विचार केला. खरोखर केला. मग हळहळून म्हणाला, "याला रकाना नाही हो. वाळकी लाकडं वेचणे लिहू का?"

"लिहा."

"पण मग प्रत्येकानं लाकूड घेऊनच बाहेर यायला हवं. रिकाम्या हातांनी कुणी आलं तर मी अडकतो."

म्हणजे बघा, मॅडमसमोर डॉक्टर, कारखानदार आणि न्यायाधीश, आणि नाक्यावर सगळे मोळीवाले. इथपासून मोबल्याच्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो अजून पूर्ण निवळलेला नाही.

तो दिवस उजाडला. मोबल्या सकाळी उठून चुलीपाशी गेला तर ती थंड. त्यानं आईच्या तंबूत डोकावून विचारलं, "आई, चहाचं काय?"

आई खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवर. पर्समध्ये काय होतं देव जाणे. ती म्हणाली, "हो, आणा ना. साखर कमी."

"अगं, स्वयंपाकाला कोण आहे?"

"ते आम्हाला काय माहीत? आम्ही पाहुणे."

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या पाहुण्या झाल्या होत्या. एरवी पाणीही भरणारा शिंपी कारखानदार झाला होता. ड्रायव्हर डॉक्टर झाला होता. पहारेकरी न्यायाधीशाचा मेहुणा म्हणून झोपला होता. भरगच्च लॉज, आणि नोकर एकटा मोबल्या.

त्यात पाहुणे होण्यात लोकांना अशी काही गोडी लागली, की जन्मात कधी तक्रार न केलेली माणसं तक्रारी करायला लागली. "मॅनेजर, उशी कडक आहे." "मॅनेजर, हा पक्षी फार ओरडतो." शिंप्यानं स्वतः शिवलेल्या तंबूची शिवण बोटानं दाखवून विचारलं, "हे कोणी शिवलंय? अगदीच घाईचं काम वाटतं."

मॅडम आल्या तेव्हा मोबल्याच्या हातात चहाचा ट्रे, खांद्यावर टॉवेल आणि काखेत उशी होती. मॅडम गाडीतून उतरून चारीकडे बघत राहिल्या. प्रत्येक तंबूसमोर ठेवणीतल्या कपड्यातलं एकेक कुटुंब ताठ बसलेलं, जणू फोटो काढायचाय.

"बरीच गर्दी आहे की!" मॅडम म्हणाल्या.

"हो, म्हणजे असते," मोबल्या म्हणाला. "या, तुमचा तंबू झाडाखालचा." त्यानं पडदा बाजूला सारला.

आत थोरले काका झोपले होते.

"काका!" मोबल्या ओरडला. मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे... साहेब. हा तंबू यांचा आहे."

काका एक डोळा उघडून म्हणाले, "कुणाचा? या तंबूचा मालक मी..." मग त्यांना आपलं काम आठवलं. "मी पाहुणा आहे. निवृत्त न्यायाधीश. माझं बुकिंग आहे." आणि कूस बदलून पुन्हा झोपले. सावलीतला तंबू होता, त्यांचं तरी काय चुकलं?

मॅडमना शेवटी मोबल्याचा ऑफिसचा तंबू मिळाला. त्यात एक टेबल, एक पंखा आणि खांबाला टेकवलेला बोर्ड होता. बोर्डवर लिहिलं होतं, "आपले स्वागत आहे". तो उलटा होता. मॅडमचा नवरा रेंज शोधत तंबूच्या मागं गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. मॅडमनी मान वाकडी करून तो बोर्ड वाचला. मोबल्याच्या डोळ्यांसमोर जाड्या उभा राहिला. त्याच्या शेजारी गॉगलसुद्धा दिसला.

दुपारी मॅडमच्या सासूबाईंना कळलं, की शेजारी डॉक्टर आहेत. त्या काठी टेकत गेल्याच.

"डॉक्टरसाहेब, हा गुडघा बघता का जरा?"

ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोनं मागून ढोसलं. मग त्यानं वाकून गुडघ्याला कान लावला, जसा तो रोज इंजिनाला लावतो, आणि हळूहळू त्याच्या आवाजात धीर आला.

"आवाज येतो का? चालताना?"

"येतो हो! कट्कट्."

"थंडीत सुरू व्हायला त्रास? एकदा गरम झाला की चालतो?"

"अगदी बरोबर!"

"चढावर ओढत नाही?"

"अहो, इतक्या डॉक्टरांकडे गेले, असं कुणी विचारलंच नाही!"

"मग असं करा. उठल्या उठल्या पळवायचा नाही. बसल्या जागी थोडा वेळ हलवायचा, मग निघायचं. आणि लोड कमी घ्यायचा."

सासूबाई भारावून परत आल्या. मॅडमनी डॉक्टरांच्या नखांतल्या काळ्या ग्रीसकडे पाहिलं. मग मोबल्याकडे पाहिलं. मोबल्यानं आकाशाकडे पाहिलं.

चार वाजता सफारी निघाली. मॅडमचं कुटुंब पुढच्या बाकावर, मागं सगळे मालक दाटीवाटीनं. चालवायला मोबल्या, कारण डॉक्टरांना ट्रक चालवायला सांगणार कसं? मोबल्याचं शिक्षण गिअरपर्यंत झालं होतं, रिव्हर्सच्या धड्याला रेंज गेली होती. ड्रायव्हर त्याच्या बरोब्बर मागं बसला होता आणि प्रत्येक वळणाला हवेतच क्लच दाबत होता. नाका ओलांडला तसं सगळ्यांना लाकडांची आठवण झाली. "थांबवा, थांबवा!" म्हणत सगळे उतरले आणि इस्त्रीच्या कपड्यांत वाकून काटक्या वेचायला लागले.

"हे काय करतायत?" मॅडमनी विचारलं.

"आठवण म्हणून नेतात," मोबल्या म्हणाला. "लोकांना जंगलाची फार ओढ असते."

आत्यानं एक जाड ओंडका उचलला. अध्यक्षांची आठवण मोठी असायचीच.

पुढं ओढ्याजवळ हत्ती दिसला. रस्त्याच्या कडेलाच, कान हलवत. आता हा हत्ती वस्तीतल्या लहानथोरांना ठाऊक. कान फाटलेला, म्हणून त्याला सगळे कानफाट्याच म्हणतात. पण पाहुण्यांना तो ठाऊक असून कसं चालेल? सगळ्यांनी एकदम आश्चर्य करायला सुरुवात केली.

"अगंबाई!" आत्या किंचाळली. "हे काय आहे?"

"हत्ती," मॅडमची मुलगी म्हणाली.

"हत्ती असा असतो होय!" शिंपी म्हणाला.

"हा तर आपला कानफाट्या..." थोरले काका बोलून गेले, मग खोकून म्हणाले, "...असं याचं नाव असावं, असं आपलं मला वाटतं."

कानफाट्यानं एकदा सगळ्यांकडे बघितलं. रोज याच रस्त्यानं गपचूप जाणारी ही माणसं आज अशी का वागतायत, हे त्यालाही कळेना. त्यानं सोंड वर करून वास घेतला, वळला आणि लॉजच्या दिशेनं चालायला लागला.

आत्यानं पुढं वाकून मोबल्याचा खांदा धरला. "कोठीत बटाटे आहेत."

"आहेत."

"राखणीला कोण आहे?"

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

"सगळे इथं आहेत, आत्या!"

मग मोबल्यानं ट्रक मागं घेतला. म्हणजे घ्यायला गेला. मागची चाकं ओढ्याच्या वाळूत गेली, इंजिन एक आचका देऊन बंद पडलं आणि तोवर कानफाट्या झाडीत दिसेनासा झाला. मग डॉक्टरांनी टाय खांद्यावरून मागं टाकला.

"सरक!" ते ओरडले. "सरक बाजूला, गाडीची वाट लावलीस!" उडी मारून ते ट्रकखाली गेले, वर आले, कारखानदारांकडून आणि न्यायाधीशांच्या मेहुण्याकडून धक्का मारून घेतला, आणि ट्रक असा काही पिटाळला की सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "हात किती हलका आहे यांचा!"

नाक्यावर कारकून हातात कागद घेऊन उभा होता. सगळ्यांनी चालत्या गाडीतून लाकडं उंचावून दाखवली. तो समाधानानं बाजूला झाला.

लॉजवर पोचले तेव्हा कोठीचा तंबू एका बाजूनं बसला होता आणि झाडाखालच्या तंबूचे दोर तुटून तो भिजल्या कोंबडीसारखा पडला होता. कानफाट्या पोत्यातून निवांत बटाटे काढत होता.

"आमचा तंबू!" आई ओरडली.

"आमचा तंबू!" शिंपी ओरडला.

"आमचा!" "आमचा!" सगळेच ओरडत उतरले. न्यायाधीशसुद्धा, आणि ते तर सगळ्यांच्या पुढं. लांब उभं राहून, गोल करून, सगळ्यांनी हातातली लाकडं एकमेकांवर बडवायला सुरुवात केली. जंगलाच्या कडेला राहणारी माणसं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. असा काही खडखडाट झाला, की कानफाट्यानं कान फडफडवले, एक पोतं सोंडेत घेतलं आणि तुमचं तुम्हाला लखलाभ असं तोंड करून निघून गेला.

खडखडाट थांबला. मागं मॅडमचा नवरा टाळ्या वाजवत होता.

"एक नंबर!" तो म्हणाला. "सफारीला निघाल्यापासून फोन बघितला नाही मी. हे रोज करता?"

शिंपी हातातली लाकडं पाठीमागं लपवायला लागला. मॅडम मात्र मोबल्याकडे आल्या. "सगळ्यांचा तोच तंबू कसा काय? मग इथं पाहुणा कोण आहे?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मोबल्याला झालं. तो म्हणाला, "तुम्हीच. फक्त तुम्ही."

आत्या पुढं आली. ओंडका अजून हातात होता. "बाई, त्याला बोलू नका. तो पोरगा सकाळपासून एकटा राबतोय. रिकामा तंबू दिसला की गॉगलवाला येऊन दोर वाजवतो. म्हणून आम्ही आमचीच माणसं भरली. आमचं आहे, आमच्याकडे राहावं, एवढंच."

मॅडम वळून पडलेल्या तंबूकडे बघायला लागल्या.

पण आता पाहुणेपण संपलं होतं. बघता बघता चूल पेटली, आणि नाहीतरी लाकडं भरपूर होती. शिंपी दोऱ्यात सुई ओवून, म्हणजे सुईत दोरा ओवून (मोबल्याचा गोंधळ अजून चालूच होता), झाडाखालच्या तंबूवर बसला. प्रत्येक घरानं मालक या नात्यानं मॅडमना आपापला चहा आणून दिला. नको म्हणायची सोय नव्हती, एकीचा घेतला आणि दुसरीचा नाही असं कसं चालेल? मॅडमनी ते सगळे चहा घेतले. सकाळी निघताना मोबल्याला एवढंच म्हणाल्या, "बघते."

बघते! आता याचा अर्थ काय लावायचा? मोबल्यानं जेवण सोडलं. आईनं त्याला जेवायला बसवलं. ठेकेदार आला आणि एका बाजूनं खचलेल्या कोठीकडे बघून म्हणाला, "हत्तीसुद्धा सांभाळता येत नाही." आत्या म्हणाली, "गॉगल काढून बोल." तो गॉगल न काढताच गेला.

मग कोठी पुन्हा उभी राहिली आणि मोबल्या आत उरलेले बटाटे मोजत असताना जाड्याचा फोन आला.

"यादीत घातलं!" तो ओरडला.

मोबल्या पोत्यावरच बसला. "कशावरून?"

"मला काय माहीत! मॅडमचा नवरा ऑफिसात सगळ्यांना सांगतोय, दुपारी गावकऱ्यांचं नाटक असतं, त्यात खरा हत्ती आहे. सासूबाई म्हणतात, तिथल्या डॉक्टरांची वेळ घेऊन द्या. मॅडमना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या, म्हणाल्या, मुलीला परत जायचंय. अरे, तिथं नक्की केलंत काय तुम्ही?"

मॅडमना नक्की काय कळलं, हे मोबल्याला अजून कळलेलं नाही. बाहेर मीटिंग भरली होती. पुढच्या खेपेला न्यायाधीश कोण, यावरून आवाज चढले होते, आणि ड्रायव्हर म्हणत होता की आपण डॉक्टरकी सोडणार नाही.

"बरं ऐक," जाड्या म्हणाला. "मी येतोय. बायकोला आणि आईला घेऊन. मला नाटक नको, हत्ती नको. दमलोय रे मी. मला फक्त..."

मोबल्यानं तंबूच्या फटीतून बाहेर बघितलं. झाडाखालचा तंबू नव्या दोरांवर ताठ उभा होता, आणि थोरले काका उशी काखेत मारून, इकडेतिकडे बघत, त्याच्याच दिशेनं निघाले होते.

"जाड्या," मोबल्या फोन कानाला तसाच धरून, कोठीची चेन ओढून धावत सुटला, "तो सावलीतला तंबू तुझ्यासाठी रिकामा ठेवतो. शब्द आहे माझा!"